हलकं लागलं

पेटी खांद्यावर घेणारे आम्ही सहा जण.
दोघं त्याच्याच पलटणीतले, त्यांना मराठी येत नव्हती.
एक सरपंचाचा मेव्हणा, फोटोपुरता.
उरलेल्यांत मी, डाव्या बाजूला, पायथ्याकडं.

तिसऱ्या दिवशी लोहा फाट्यावर
बशीत चहा ओतता ओतता
नागोरावनं विचारलं, "लई जड होती का?"
मी म्हणालो, "हलकं लागलं."

एवढंच.
या दोन शब्दांवर आता सात वर्षं
तालुका उभा आहे.

पेटीत वाळू होती म्हणायलेत.
वाळू असती तर जड लागली असती,
एवढाही हिशेब कोणी करत नाही.
नुसता गणवेश होता म्हणायलेत,
पिराजी बर्फाखाली दबलाच नाही,
निवड चाचणीत साहेबाच्या भाच्याला
पाऊण फेरीनं मागं टाकलं, म्हणून काटा काढला.
नाहीतर तो पलीकडच्या तुरुंगात आहे,
तिथंही पहाटे आवारात पळतो,
पहारेकरी मोजून थकतात.
कंधारच्या मोबाईल दुकानात एकानं व्हिडिओ थांबवून दाखवला:
कुठल्याशा परदेशी शर्यतीत एकविसावा,
दाढीवाला, डावा हात पिराजीसारखाच
बाहेर फेकत, ज्वारीवरची पाखरं हाकलल्यासारखा.
मीही दोनदा बघितला.
तिसऱ्यांदा बघितला ते कुणाला सांगितलं नाही.

आणि बूट.
घरी आलेल्या ट्रंकेत नऊ नंबरचे निघाले.
पिराजीचा पाय सात, हे गावाला पाठ,
सातचे स्पाइक्स वर्गणी काढून नांदेडहून आणले होते,
वहीत अजून नावं आहेत,
कुणाचे पाच रुपये, कुणाचे दोन, कुणाचे नुसतेच "देतो".
माझा चुलतभाऊ तोफखान्यात होता. तो म्हणाला,
तिथं वर तीन-तीन लोकरी मोजे घालतात,
सातचा पाय नऊमध्येच मावतो.
मी हे मारुतीच्या पारावर सांगितलं.
नागोराव म्हणाला, "तुला किती दिले?"

खरं काय ते लिहून ठेवतो.

जिल्ह्यात दहा हजार मीटर जिंकला त्या दुपारी
मी त्याला खांद्यावर घेतलं होतं.
अंगावर मांस नाही, घामानं चिकट,
माझ्या टाळूवर थापा मारत हसत होता,
आणि वर बसूनही त्याचे पाय थांबत नव्हते,
टाचा माझ्या छातीवर आपटत होत्या.
"खाली सोड की," म्हणत होता, "अजून दम हाय."
पन्नास किलोसुद्धा नसेल.
ते वजन माझ्या खांद्याला माहीत आहे.

पेटीखाली उभा राहिलो
तेव्हा माझ्याआधी खांद्यानं ओळखलं.
लाकडासकट, झेंड्यासकट, तोच.
म्हणून म्हणालो हलकं लागलं.
पुढचं वाक्य तोंडात होतं,
पण कंधारची एसटी आली,
नागोराव जागा धरायला पळाला.

गयाबाई अजून रोज रात्री
मूठभर हरभरे भिजत घालते,
पळून आल्यावर तो खायचा तसे.
सकाळी शेळीपुढं टाकते.
पेन्शनच्या कागदावर अंगठा देताना
डोळे मिटून घेते, म्हणजे
तिथं काय लिहिलंय ते दिसायला नको.
वाचता तर तिला येतच नाही.

परवा तिनं मला रस्त्यात थांबवलं.
"तूच म्हनलास नं, हलकं लागलं?"
तोंडाकडं नाही,
माझ्या डाव्या खांद्याकडं बघत होती.

सांगायचं होतं, मावशे, जड होतं,
सहा माणसांना पेलवेना एवढं.

"व्हय," म्हणालो. "हलकंच."

तिनं मान हलवली आणि चालू लागली.
मागून शेळी गेली,
हरभऱ्यांवर पोसलेली,
त्या पहिल्या शेळीची नात.